चार जणांत पाच तारे: पोकेमॉन गोच्या रेडचा हिशेब, नवख्यांसाठी

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या जिमवर (नकाशावरची लढाईची जागा) पाच ताऱ्यांचं अंडं दिसलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "किती जण येऊन राहिले?" सात-आठ नावं जमली नाहीत तर बेत तिथेच मोडतो. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत लॉबी (रेडआधी सगळे जमतात ती जागा) भरलेली पाहून गावाकडच्या पोट्ट्यांचा समज झालेला असतो की पाच ताऱ्यांची रेड म्हणजे गर्दीचंच काम.

रेड म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या बलाढ्य पोकेमॉनला, म्हणजे बॉसला, सगळ्यांनी मिळून पाडायची लढाई. हा बॉस समोर किती माणसं आहेत हे पाहून लहान-मोठा होत नाही. दोघं आले तरी त्याचा जीव तेवढाच, वीस आले तरी तेवढाच. म्हणून मोजायची असते ती सगळ्यांनी मिळून दर सेकंदाला केलेली इजा. माणसं किती, हा त्यानंतरचा प्रश्न. स्कार्लेट-व्हायोलेट या दुसऱ्या पोकेमॉन गेममधल्या टेरा रेडमध्ये चार जागा ठरलेल्या असतात, माणसं कमी पडली तर गेम स्वतःचे साथीदार देतो. पोकेमॉन गोमध्ये तशी सोय नाही. जितके हात आले तितकेच. त्यामुळे जिथे खेळणारे थोडे, तिथे हिशेब पक्का लागतो.

आधी आकडे

एक ताऱ्याच्या बॉसला ६०० एचपी (म्हणजे त्याचा जीव) आणि वेळ १८० सेकंद. तीन ताऱ्यांच्या बॉसला ३,६०० एचपी, वेळ तोच १८०. नेहमीच्या मेगा रेडला (मेगा म्हणजे पोकेमॉनचं काही वेळापुरतं जास्त ताकदीचं रूप) ९,००० एचपी आणि ३०० सेकंद. पाच ताऱ्यांच्या बॉसला १५,००० एचपी, वेळ ३०० सेकंद. एचपीला सेकंदांनी भागलं की दर सेकंदाला किती इजा लागेल ते कळतं: एक ताऱ्याला साडेतीनच्या आत, तीन ताऱ्यांना २०, मेगाला ३०, पाच ताऱ्यांना ५०.

५० हा आकडा पाठ करून ठेवा. पुढची सगळी तयारी याच्याशी ताडून बघायची आहे.

स्वतःचा आकडा काढा

लेव्हल ५ झाली की रेडमध्ये उतरता येतं. पण पहिली पाच ताऱ्यांची रेड मारण्याआधी एक तीन ताऱ्यांची रेड एकट्याने करून पाहा. जिंकायचं नसतं, मोजायचं असतं. तुमच्या टीमचा मारा ज्याच्यावर जास्त लागू पडतो असाच बॉस निवडा, कारण पुढे तुम्ही तशीच टीम नेणार आहात.

वेळ संपला तेव्हा बॉसची पट्टी अर्धी उरली असेल तर तुम्ही १८० सेकंदांत १,८०० एचपी उतरवले, म्हणजे सेकंदाला १०. असे पाच जण जमले की कागदावर ५० होतात. प्रत्यक्षात सहा किंवा सात जण धरा. पाच ताऱ्यांचा बॉस तीन ताऱ्यांच्या बॉसपेक्षा थोडा टणक असतो, शिवाय टीम गारद होऊन पुन्हा आत यायला काही सेकंद जातात. उलट तीन ताऱ्यांचा बॉस तुम्ही ४० सेकंद राखून एकट्याने पाडला असेल तर ३,६०० भागिले १४०, म्हणजे २५ च्या वर. असे दोघे जवळपास पुरतात, तिघे असले तर निवांत.

प्रत्येकाने आपला हा आकडा ग्रुपवर टाकून ठेवला तर "किती जण?" विचारायची गरज राहत नाही, बेरीज केली की झालं. लेव्हल १५ चा नवखा मुलगा तीन-चारच देतो म्हणून त्याला ओझं समजू नका. आठ जणांत त्याचं कमी असणं जाणवतही नाही. चार जणांत मात्र जाणवतं, म्हणून लहान रेडला कोणाला न्यायचं हे बेरीज बघून ठरवा.

टीम: मोठा सीपी (ताकदीचा आकडा) म्हणजे मोठा मारा नव्हे

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'बॅटल' दाबल्यावर गेम स्वतः सहा जनावरं (पोकेमॉन) सुचवतो आणि बरेच जण तीच घेऊन आत जातात. गेम बहुतेकदा टिकणारी जनावरं पुढे करतो, मारणारी नाही. ब्लिसी आणि स्नोरलॅक्स भिंतीसारखे उभे राहतात, पण घड्याळ काही त्यांच्यासाठी थांबत नाही. ३०० सेकंद तग धरून सेकंदाला चार मारणाऱ्यापेक्षा मरता-मरता सेकंदाला १४ मारून जाणारा कामाचा.

टाइपचा, म्हणजे आग, पाणी, बर्फ अशा जातीचा, फरक किती मोठा आहे ते बघा. बॉसचा टाइप ज्या माऱ्याला कच्चा, तो मारा केला तर इजा १.६ पट. बॉसचे दोन्ही टाइप त्या माऱ्याला कच्चे असतील तर २.५६ पट. चुकीचा टाइप नेला तर ०.६२५ पट. आणि मारा करणाऱ्या जनावराचा स्वतःचा टाइप अटॅकच्या टाइपशी जुळला तर वर आणखी १.२ पट. म्हणजे एकाच ताकदीची दोन जनावरं, पण एक दुसऱ्याच्या चौपट काम करतं. लेव्हल वाढवून एवढा फरक कधीच पडत नाही.

उदाहरणार्थ रेक्वेझा हा ड्रॅगन आणि फ्लाइंग, दोन्हीही बर्फाला कच्चे. तिथे पावडर स्नो आणि ॲव्हलांच हे अटॅक असलेला मॅमोस्वाइन २.५६ पट मारतो. टायरॅनिटार रॉक आणि डार्क, दोन्ही फायटिंगला कच्चे, म्हणून काउंटर आणि डायनॅमिक पंच असलेला साधा मचॅम्प तिथे राजा. म्यूटूसाठी शॅडो बॉलवाला गेंगार. तो काचेसारखा फुटतो, पण फुटण्याआधी वसूल करून जातो. ग्राउडनसाठी पाणी किंवा गवत, कायोगरसाठी वीज किंवा गवत. उडणाऱ्या आणि आगीच्या बॉसला रॉक, म्हणजे स्मॅक डाउन आणि रॉक स्लाइडचा रॅम्पार्डोस.

सुरुवात करणाऱ्याने सगळ्या टाइपांच्या मागे धावू नये. फायटिंग, बर्फ, रॉक आणि पाणी या चार टाइपांची प्रत्येकी तीन-चार बरी जनावरं तयार झाली की बऱ्याच रेडमध्ये तुमचा उपयोग होतो. मचॉप (तोच पुढे मचॅम्प होतो) आणि मडकिपसारखी जनावरं जंगली किंवा इव्हेंटमध्ये मिळतात, त्यांना लेजंडरीची (दुर्मिळ, बलाढ्य पोकेमॉनची) कँडी (जनावर वाढवायचा खाऊ) लागत नाही. मॅमोस्वाइनसाठी कँडीसोबत एक सिनोह स्टोन लागतो, तो आधी जपून ठेवा.

दोन्ही अटॅक, म्हणजे पटापट मारायचा फास्ट आणि भरल्यावर सोडायचा चार्ज्ड, बघायला विसरू नका. मॅमोस्वाइनकडे जमिनीचे अटॅक असतील तर रेक्वेझापुढे तो जवळपास निकामी, कारण फ्लाइंगवर जमीन चालत नाही. अटॅक चुकीचा असेल तर टीएम या वस्तूने बदला.

आता स्टारडस्ट, म्हणजे जनावराची लेव्हल वाढवायला लागणारी भुकटी. गावात स्टॉप (नकाशावरच्या वस्तू मिळायच्या जागा) कमी, म्हणून पकडणं कमी, म्हणून स्टारडस्टची कायम टंचाई. जनावराला लेव्हल २० वरून ३० ला न्यायला ७५,००० स्टारडस्ट लागतो आणि मारा साधारण २२ टक्के वाढतो. ३० वरून ४० ला न्यायला दीड लाख लागतो आणि वाढ मिळते जेमतेम ८ टक्के. त्यामुळे एक मचॅम्प ४० ला नेण्यापेक्षा तीन मचॅम्प ३० ला न्या, स्टारडस्ट तेवढाच लागतो. शॅडो जनावरं २० टक्के जास्त मारतात आणि २० टक्के जास्त मार खातातही. रेडपुरता हा सौदा फायद्याचा, म्हणून टीम रॉकेटकडून (गेममधली खलनायकांची टोळी) मिळालेला शॅडो मचॉप घाईने प्युरिफाय (शुद्ध करून साधा) करू नका.

चार जणांचं गणित

समजा गावातले चौघे आहेत आणि प्रत्येकाचा आकडा १०. बेरीज ४०, लागतात ५०. सरळ गेलात तर हराल. पण गेममध्ये गटासाठी काही वाढीव गुणक आहेत, आणि लहान गटाची रेड त्यांच्यावरच तरते.

चौघांपैकी एकाने मेगा जनावर पहिल्या जागेवर ठेवलं, आणि बाकी तिघांचा मारा मेगाच्याच टाइपचा असला, तर त्या तिघांचा मारा १.३ पट होतो. म्हणजे १३ गुणिले तीन, ३९, अधिक मेगावाल्याचे १०, झाले ४९. टाइप जुळला नाही तर फक्त १.१ पट, म्हणून कोणता मेगा ते आधी ठरवा. दोघांनी मेगा आणले म्हणून गुणक दुप्पट होत नाही. दुसऱ्याने आपला मेगा राखून ठेवावा आणि पहिल्याचा पडला की आत यावं. मेगा मैदानात जिवंत असेपर्यंतच ही वाढ टिकते.

त्यावर मैत्री. एकाच लॉबीत लढणाऱ्या मित्रांचा मारा वाढतो: गुड फ्रेंडला ३ टक्के, ग्रेटला ५, अल्ट्राला ७ आणि बेस्ट फ्रेंडला १०. बेस्ट व्हायला ९० दिवस लागतात, दिवसाला एकच टप्पा मोजला जातो. चौघे एकमेकांचे बेस्ट फ्रेंड असतील तर ४९ चे जवळपास ५४ होतात. पन्नाशी ओलांडली.

तिसरी गोष्ट पार्टी प्ले. जुलै २०२३ मध्ये आलेली ही सोय आहेच मुळी दोन ते चार जणांसाठी, आणि सगळे एकाच जागी लागतात. एकाने पार्टी सुरू करायची, बाकीच्यांनी कोड टाकून यायचं. फास्ट अटॅक मारता-मारता एक वेगळं बटण भरतं. ते दाबून सोडलेला पुढचा चार्ज्ड अटॅक दुप्पट लागतो. पार्टीत जितके जास्त तितकं बटण लवकर भरतं. नवखे लोक बटण दाबून नुसते उभे राहतात. चार्ज्ड अटॅक भरलेला असतानाच ते दाबा आणि लगेच अटॅक सोडा.

शेवटी हवामान, आणि इथे विदर्भाची बाजू थोडी लंगडी आहे. स्वच्छ उन्हात आग, गवत आणि जमीन १.२ पट मारतात. पावसात पाणी, वीज आणि किडे. ढगाळ हवेत फायटिंग, फेअरी, पॉयझन. अर्धवट ढगाळ असेल तर रॉक आणि नॉर्मल. वाऱ्यात ड्रॅगन, फ्लाइंग, सायकिक. बर्फाच्या माऱ्याला हिमवर्षाव लागतो, तेव्हा चंद्रपुरात त्याची वाट बघू नका. मात्र हाच नियम बॉसलाही लागतो. मे महिन्याच्या उन्हात ग्राउडनही जोरात मारतो. तोच ग्राउडन जुलैच्या झडीत गाठला तर त्याला हवामानाची मदत नाही आणि तुमच्या पाण्याच्या माऱ्याला आहे.

रेडच्या दिवशी

अंडं फुटण्याआधी तासभर दिसतं, फुटल्यावर बॉस ४५ मिनिटं राहतो. दोन-तीन गावांतून फटफटीवर येणारे असतील तर अंडं दिसताच वेळ ठरवा आणि फुटल्यावर १५ मिनिटांनी सुरुवात धरा. बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ रेड अवर असतो, तेव्हा जिमवर पाच ताऱ्यांचे बॉस येतात. तालुक्याचा आठवडी बाजार बुधवारचा असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर सोयाबीनच्या सोंगणीत कुणी येणार नाही हे गृहीत धरा.

रेडमध्ये उतरायला पास लागतो. रोजचा फुकट पास जिमची तबकडी फिरवून मिळतो आणि असा पास एका वेळी एकच बाळगता येतो. आठवड्यातून एकदाच तालुक्याला जाणाऱ्यांनी एक युक्ती ठेवावी. निघताना तबकडी फिरवून पास घ्या आणि न वापरता घरी न्या. पुढच्या वेळी आल्यावर आधी तो जुना पास वापरून एक रेड करा, मग तबकडी फिरवून त्या दिवसाचा पास घ्या आणि दुसरी करा. एका चकरेत दोन रेड. वापरायच्या आधीच तबकडी फिरवली तर नवा पास मिळत नाही.

विकतचा प्रीमियम पास १०० नाण्यांचा. जिममध्ये जनावर बसवून दिवसाला जास्तीत जास्त ५० नाणी मिळतात, तीही ते हरून परत आल्यावरच. शहरात अर्ध्या दिवसात परत येतं. आमच्याकडे खेड्यातल्या जिमवर आठ-आठ दिवस कुणी हात लावत नाही, आणि आठ दिवसांनी परत आलं तरी नाणी ५०च. दुसऱ्या रंगाच्या (संघाच्या) खेळाडूशी बोलून एक दिवसाआड एकमेकांची जिम पाडायचं ठरवा. पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा.

आता क्रम. जिमच्या टप्प्यात सगळे पोचल्याशिवाय कुणीही आत जाऊ नये. एकाने खाजगी लॉबी उघडावी. तीन जनावरांच्या चित्रांचा कोड येतो, त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. बाकीच्यांनी तोच कोड टाकून यावं. लॉबीत १२० सेकंद मिळतात. या वेळात टीम बदलून घ्या, गेमने सुचवलेली ठेवू नका. खरं तर दोन टीम घरीच बनवून नावासकट जतन करून ठेवा. घड्याळ १० सेकंदांवर आलं आणि एखादा अजून बाहेरच असला तर सगळ्यांनी लॉबी सोडा. लढाई सुरू व्हायच्या आधी बाहेर पडलं तर पास जात नाही. चार जणांत एक बाहेर राहून सुरू झालेली रेड म्हणजे तिघांचा हकनाक गेलेला वेळ.

लढताना गेम बंद पडला तर घाबरू नका, त्याच रेडमध्ये त्याच पासवर परत जाता येतं. नेटवर्क एका कंपनीचं जात असेल तर दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर या. पानठेल्याच्या टिनाखाली जीपीएस भरकटतं, चार पावलं मोकळ्यावर उभे राहा. एप्रिल-मेमध्ये फोन तापून अडखळतो, तेव्हा कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

लढाईत नवख्याने दोनच गोष्टी सांभाळाव्यात. चार्ज्ड अटॅक भरला की लगेच सोडा, भरलेला ठेवून जनावर पडलं तर तो वाया गेला. आणि बॉसचा फक्त चार्ज्ड अटॅक चुकवा. बाजूला सरकवलं की त्याची इजा ७५ टक्के कमी होते. फास्ट अटॅक चुकवत बसलात तर मारायचं राहून जातं. नेटवर्क अडखळत असेल तर चुकवणं सोडाच, नुसतं मारत राहा. सहाही पडले की औषध पाजत बसू नका, दुसरी जतन केलेली टीम उचलून सरळ आत या, कारण घड्याळ चालूच असतं.

जिंकल्यावर

हरवलेला बॉस पकडायला पांढरे प्रीमियर बॉल मोजून मिळतात, ते संपले की लेजंडरी गेला. प्रत्येक बॉलला गोल्डन रॅझ बेरी द्या, तिने पकडण्याची शक्यता अडीच पट होते. वळवून फेकलेल्या बॉलला साधारण १.७ पट. वर्तुळात नेमका बसवण्याची रीत अशी: बॉल बोटाने धरून ठेवा, वर्तुळ हवं तेवढं लहान झालं की सोडून द्या आणि थांबा. बॉस हल्ला करेल तेव्हा बॉल गरगर फिरवा आणि हल्ला संपत आला की फेका. वर्तुळ त्याच मापावर राहतं. पकडलेलं जनावर लेव्हल २० चं येतं, हवामान त्याच्या बाजूचं असेल तर २५ चं.

मॅक्स बॅटल हा वेगळाच प्रकार आहे, सप्टेंबर २०२४ पासूनचा. तिथे फक्त लढताना प्रचंड आकाराची होणारी डायनामॅक्स किंवा जायगँटामॅक्स जनावरं चालतात, चार-चारचे गट असतात, आणि वर सांगितलेलं रेडचं गणित तसंच्या तसं लागू पडत नाही. एकाने अंगावर घ्यायचं, एकाने बरं करायचं, दोघांनी मारायचं अशी कामं वाटावी लागतात. लहान डायनामॅक्स चौघांत होतात. जायगँटामॅक्सची लढाई ४० जणांपर्यंतच्या जमावासाठी आखलेली आहे. खेड्यातल्या खेळाडूवर हा सरळसरळ अन्याय आहे. त्या दिवशी नागपूर-अमरावतीला कुणी जात असेल तर त्याच्याबरोबर जा, नाहीतर सोडून द्या.

गावात जिमच नसेल तर

रिमोट पास २०२० पासून आहे. लांबच्या मित्राने बोलावलं की घरून लढता येतं, पण तो महाग आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यावर दिवसाला पाचची मर्यादा आली. खरा उपाय म्हणजे गावात स्टॉप सुचवणं. त्यासाठी वरची लेव्हल लागते, म्हणून गावातला जुना खेळाडू धरा. हनुमानाचं मंदिर, बुद्धविहार, समाजमंदिर, वाचनालय, व्यायामशाळा, खेळाचं मैदान, जुनी बारव, चौकातलं स्मारक हे चालतं. कुणाचं घर चालत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवारही चालत नाही, कितीही सुंदर भिंतचित्रं असली तरी. जवळजवळ किमान दोन स्टॉप झाले की त्यातला एक जिम होण्याची शक्यता तयार होते, म्हणून एकच सुचवून थांबू नका.

दोन फोटो लागतात: एक वस्तूचा, एक आजूबाजूच्या परिसराचा. परिसराच्या फोटोत रस्ता आणि शेजारच्या इमारती दिसू द्या, त्यावरूनच जागा खरी असल्याचं तपासणाऱ्याला पटतं. फोटो सकाळी काढा. दुपारी पाटीवर ऊन चमकून नाव वाचता येत नाही, आणि संध्याकाळी पारावर बसलेली माणसं फोटोत येतात. ओळखू येणारे चेहरे असले की फोटो नाकारला जातो.